शाळेचे संकेतस्थळ व होस्टिंग संस्थेशी व्यवहार
(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



भिवंडीच्या शिक्षकाला गोदाम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली या गावांच्या शिवारात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. माल एकाचा, जागा दुसऱ्याची. जागेचा मालक छप्पर व पहारा यांची हमी देतो. आत काय ठेवले, ते मोजून ठेवले की नाही, ही काळजी मालधन्याची. शाळेच्या संकेतस्थळाचेही असेच आहे. होस्टिंग संस्था आपल्या सर्व्हरवर जागा भाड्याने देते. तेथील मजकूर व छायाचित्रे हे धन मात्र शाळेचे असते. हा भेद ध्यानी ठेवला, की पुढील व्यवहार सुलभ होतो.

पहिली गोष्ट नावाची. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, व त्यासाठी घेतलेली जागा ही दोन निराळी खाती होत. ‘.इन’ची नावे २००५ पासून सर्वांना खुली झाली. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नावही उपलब्ध झाले. नावाची नोंद मुदतीची असते. नूतनीकरण चुकले, तर कालांतराने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. पुष्कळदा एखादा उत्साही शिक्षक स्वतःच्या ईमेलवर ही नोंद करतो. पुढे त्याची बदली होते, सूचना त्याच्यामागोमाग नव्या गावी जातात आणि शाळेचे नाव हातचे जाते. संस्थेला दोष देता येत नाही. नोंदीत ज्याचे नाव, त्यालाच ती ओळखणार. म्हणून नोंद शाळेच्या नावे असावी, मुदतीची तारीख दप्तरी लिहावी, आणि कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर खात्याचा पासवर्डही सोपवावा. नव्या मुख्याध्यापकाने तो लगेच बदलावा.

दुसरी गोष्ट कराराची. ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ असे आश्वासन पुष्कळ संस्था देतात. याचे गणित मांडून पाहावे. तीस दिवसांची मिनिटे ४३,२००; त्यांचा हजारावा हिस्सा सुमारे ४३ मिनिटे. महिन्यात एवढा खंड पडला तरी करारभंग होत नाही. तेव्हा अर्ध्या तासासाठी रागावणे न्याय्य नव्हे, आणि चार तास सेवा बंद राहिल्यास गप्प बसणेही उचित नव्हे.

तिसरी गोष्ट तक्रारीची. ‘साइट चालत नाही’ एवढेच लिहिणे म्हणजे वैद्याला ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणे. कोणते पान, किती वाजता, पडद्यावर कोणते शब्द उमटले, त्यापूर्वी शाळेने कोणता बदल केला, हे क्रमाने लिहावे. स्वतःची चूक असल्यास तीही लिहावी. ती लपविल्याने शोध लांबतो. पलीकडे उत्तर देणाराही नोकरी करणारा माणूसच आहे. काम झाल्यावर आभाराची एक ओळ लिहिण्यास खर्च येत नाही.

चौथी गोष्ट प्रतीची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या मोठ्या संस्थेच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली आणि एक इमारत संपूर्ण जळाली. ज्यांनी आपल्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवली होती, ते पुन्हा उभे राहिले. ज्यांची एकमेव प्रत तेथेच होती, त्यांची माहिती कायमची गेली. संस्था लहान असो वा मोठी, आगीला भेद नाही. म्हणून दरमहा एक प्रत काढून शाळेच्या संगणकाखेरीज दुसऱ्याही ठिकाणी ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे वर्षातून एकदा तरी पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

चांगला संबंध म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. भाडे वेळेवर देणे, मागणे स्पष्ट मांडणे आणि आपल्या वाटचे काम दुसऱ्यावर न टाकणे, यांतून तो घडतो. शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, प्रसंगी होस्टिंग संस्थाही बदलावी लागते. नाव आणि प्रत शाळेच्या हाती असेल, तर त्या बदलाने शाळेचे काही अडत नाही.