खोटा इशारा आणि मराठी अक्षर

रखवालदार जागरूक असावा हे खरे; पण पान हलले तरी जो ‘चोर, चोर’ म्हणून ओरडतो, त्याच्या हाकेला पुढे कोणी ओ देत नाही. संगणकातील एका अशाच रखवालदाराविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

बंगळूरात कन्नड आणि मराठी माणसे शेजारी राहतात. देश एक, भाषा निराळ्या. म्हणून संगणकाला दोन्ही सांगाव्या लागतात. ‘एमआर-आयएन’ म्हणजे मराठी, भारत. ‘केएन-आयएन’ म्हणजे कन्नड, भारत. पुढे ‘यूटीएफ-८’ हे अक्षरसंकेताचे नाव जोडतात. लिनक्स संगणकावर ही खूण वाचून योग्य टंक, म्हणजे फॉन्ट, निवडण्याचे काम किथ पॅकार्ड यांनी आरंभिलेली ‘फॉन्टकॉन्फिग’ ही आज्ञावली करते.

मॅक संगणकावरून दूरच्या लिनक्स संगणकाशी जोडणी केली असता, कित्येकदा भाषा व देश गळून नुसते ‘यूटीएफ-८’ तेवढे पोहोचते. मग ही आज्ञावली ‘यूटीएफ’ला भाषा समजते आणि ‘८’ला प्रदेश, आणि असा प्रदेश वैध नाही, असा इशारा देते! ‘सी’ या नावाचेही तसेच. ते कोणत्याही देशाच्या भाषेचे नाव नव्हे, ती तटस्थ व्यवस्था आहे. पण त्याला ‘यूटीएफ-८’ची जोड मिळताच जुन्या आवृत्त्या ‘ही भाषा वैध नाही’ अशी तक्रार करीत. बिघडलेले मात्र काहीच नसे.

इशारे सरसकट बंद करणे सोपे होते. सुधारकांनी तसे केले नाही. ‘सी’ची ही रूपे ओळखून ती इंग्रजीप्रमाणे मानावीत, असा नियम त्यांनी आज्ञावलीत घातला. मॅकच्या बाबतीत भाषा व देशासह पूर्ण खूण पाठविणे, हा एक उपाय.

हा विवेक का हवा? कोणी ‘एमआर’ऐवजी अनवधानाने ‘मराठी’ असे पूर्ण नाव रोमन लिपीत लिहिले, तर हीच आज्ञावली त्याच शब्दांत इशारा देते, आणि या वेळी तो खरा असतो. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळ्या वळणाचे आहेत. भाषेची खूण हरवली, तर दोन्ही वळणे जाणणारा टंकही हिंदी वळण दाखवू शकतो. खोट्या इशाऱ्यांना सरावलेला डोळा हा खरा इशाराही ओलांडून जातो, आणि मराठी मजकुरात परके वळण मुकाट्याने छापले जाते.