सामू, दूध आणि इन्सुलिन



माती परीक्षणाचा अहवाल पाहिलेल्या मुळशीच्या शेतकऱ्याला 'सामू' नवा नाही. ताम्हिणीच्या अंगाला पाऊस असा कोसळतो, की जमिनीतला चुना धुपून जातो आणि भातखाचरं आम्लाकडे झुकतात. सामू सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क. हे मोजमाप 1909 साली डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी दिलं. गंमत अशी, की मातीशी त्यांचा काही संबंध नव्हता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत ते विकरांवर काम करत होते. विकरं ही बहुतेक प्रथिनंच, आणि प्रथिनं सामूच्या बाबतीत भारी हळवी.

प्रथिनं आणि त्यांची धाकटी भावंडं, म्हणजे पेप्टाइड, या अमिनो आम्लांच्या साखळ्या. साखळीवरचे काही गट प्रोटॉन सोडून ऋण होतात, काही प्रोटॉन घेऊन धन होतात. आम्लात प्रोटॉनांची रेलचेल असते. मग ऋण भार मिटतात आणि धन उरतात. अल्कात नेमकं उलट. मधे कुठेतरी दोन्हींची बेरीज शून्य होते. तिथे साखळ्या एकमेकींना दूर लोटत नाहीत, एकत्र येऊन साका धरतात.

दुधाचा सामू साधारण 6.6. त्यातल्या केसीनवर ऋण भार असतो, म्हणून त्याचे कण सुटे तरंगतात. विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात, सामू 4.6 च्या आसपास आला की भार संपतो आणि दही लागतं. रात्री बाहेर राहिलेलं दूध सकाळी दिसायला ठीक असतं, पण गॅसवर ठेवलं की फाटतं. भार आधीच कमी झालेला असतो, उरलेलं काम उष्णता करते.

हाच गुण औषधात मुद्दाम वापरला आहे. इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं. रक्ताच्या सामूला, म्हणजे 7.4 ला, त्यावर साधारण सहा ऋण आणि चार धन भार असतात. त्यामुळे ते विरघळलेलं राहतं. ग्लार्जिन नावाच्या प्रकारात इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी एकीच्या टोकाला आर्जिनिन हे अमिनो आम्ल दोनदा जोडलं, म्हणजे दोन धन भार वाढवले. हिशेब जवळपास शून्यावर आला! दुसऱ्या साखळीच्या शेवटीही एक बदल केला, तो आम्लात रेणू टिकावा म्हणून. हे औषध सामू 4 ला पाण्यासारखं स्वच्छ असतं. कातडीखाली जाताच सामू चढतो, ते तिथेच बारीक साक्यासारखं बसतं आणि जवळजवळ दिवसभर थोडं थोडं रक्तात उतरतं. भाराच्या या बेरजेमुळे कितीतरी रुग्णांचं दिवसभराचं काम एका टोचणीत भागतं.

म्हणूनच ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये भरायचं नसतं. दुसऱ्याचा सामू सातच्या आसपास असतो, आणि जो साका कातडीखाली बसायचा तो सिरिंजमध्येच धरतो.