एकच पाय सुजला तर चोळू नका

आज आपण पायाच्या सुजेबद्दल बोलू.

रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत उभे राहिले की आपले दोन्ही पाय जड होतात. रात्री पाठ टेकली की सकाळी हलके वाटते. आज सांगतो ती सूज वेगळी आहे. बाळंतपणानंतर एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, हाताला गरम लागते. घरची माणसे मायेने म्हणतात, तेल लावून चोळा. पण ही सूज चोळायची नाही.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईचे रक्त लवकर गोठते. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीरानेच केलेली ती सोय असते. पण कधी पायाच्या आतल्या शिरेत गुठळी होते. सिझर झालेली, बरेच दिवस खाटेवर पडून असलेली किंवा सिकलसेल असलेली बाई असेल तर धोका जास्त. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

गुठळी आहे की नाही हे डॉपलर सोनोग्राफीत कळते. आपल्या देवरीवरून जाणाऱ्या महामार्गावर ट्रक हॉर्न वाजवत जवळ येतो तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेला की उतरतो. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली हा नियम मांडला. मशीन आपल्याला ऐकू न येणारा आवाज शिरेत सोडते. वाहत्या रक्तावरून तो बदलून परत येतो, त्यावरून रक्त कुठे वाहते, कुठे अडले ते दिसते. डॉक्टर शीर हलके दाबूनही पाहतात. चांगली शीर दबते, गुठळीची दबत नाही. सुई नाही, एक्स-रे नाही, उपाशी राहणे नाही. पायाला गार जेल लावतात, एवढेच.

सोनोग्राफी म्हटले की घरात कुजबुज होते. गर्भलिंग सांगणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. ही तपासणी पायाच्या शिरांची आहे, हे घरच्यांना समजावून सांगा.

आधी आशाताईंना सांगा आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे कुठे जायचे ते डॉक्टर सांगतील. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीची तपासणी, औषध आणि गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२ लावा. अचानक दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले तर वाट न पाहता १०८ लावा.

गुठळी निघाली तर रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा तीन महिने तरी घ्यावे लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे आहेत. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढे ठरवून ठेवा: गावातल्या बाळंतिणीला न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाईल, आणि घरची मोठी लेकरे कोण सांभाळेल.