मनाचे दुखणे आणि मेंदूतील वाटा



घरातील तरुण मुलाला कोणी बोलत नसता आवाज ऐकू येऊ लागले, सारे जग आपल्यावर टपले आहे असे वाटू लागले, की आपल्याकडे कोणी म्हणतो, बाहेरचे लागले. कोणी हळूच आईकडे बोट दाखवतो. हे दुसरे खूळ शिकल्यासवरलेल्यांचे! १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीने स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागण्यात शोधले. पुढे ती कल्पना संशोधनापुढे टिकली नाही. पण तोवर कित्येक मातांनी तो डाग सोसला.

१९७६ साली ईव्ह जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात काही जुन्या रुग्णांच्या मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे संगणकाच्या साह्याने घेतली. आतील पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. मग लक्ष गेले मेंदूच्या पांढऱ्या भागाकडे. करड्या भागात मज्जापेशी असतात. पांढऱ्या भागातून त्यांना जोडणारे तंतू जातात.

हे तंतू पारखायचे कसे? उसाच्या शेतात पाणी सरीतून सरळ धावते, वरंबा ओलांडताना अडते. तसेच मेंदूतील पाण्याचे कण तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जाताना अडखळतात. चुंबकीय यंत्र हे सरकणे मोजते. २०१८ साली १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध झाली. पंचवीस भागांपैकी वीस भागांत रुग्णांमध्ये ही एकदिशा सरासरीने कमी आढळली.

पण श्रोतेहो, 'सरासरीने' हा शब्द विसरू नका. दोन शाळांच्या गुणांची सरासरी निराळी असली, तरी एका मुलाचे गुण पाहून त्याची शाळा ओळखता येत नाही. तसेच, एका माणसाचे असे चित्र पाहून त्याला हा रोग आहे की नाही, हे आज कोणालाही सांगता येत नाही. मेंदूत गाठ वगैरे नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर चित्र काढवतात, ती गोष्ट वेगळी. रोगाचे निदान होते ते रुग्णाशी बोलून, घरच्यांचे ऐकून.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: चित्र 'स्वच्छ' आले म्हणून मुलाला ढोंगी म्हणू नका, आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. तो वेळ मुलाला लवकर डॉक्टरांकडे नेण्यात घालवा.