घाट उतरून पाहिलेला आपला जिल्हा



मागच्या हिवाळ्यात आम्ही बारा जणी सकाळी सातलाच फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या होतो. अंगावर बरी पातळं, हातात पिशव्या, पिशवीत भाकरी आणि ठेचा. येणारा-जाणारा जो तो थांबून विचारायचा, "काय वं बाई, कोण वारलं?" आधी हसू आलं, मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? आपण बाया मिळून गावाबाहेर पडतो त्या मौतीला, लग्नाला, दवाखान्यात, फार तर देवदर्शनाला. नुसतं दुसरं गाव पाहायला बाया निघाल्या, हे कोणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

आम्ही चिखली तालुक्यातल्या, म्हणजे घाटावरच्या. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके, पण बोलताना आपण दोनच भाग करतो : घाटावरचे आणि घाटाखालचे. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच असतो. आमच्यातल्या सात जणींनी मात्र घाटाखालचा एकही तालुका पाहिलेला नव्हता. त्यातल्या एका काकूंनी तर पोरगी घाटाखाली दिलेली. लग्न इकडेच झालं, पुढे बाळंतपणंही इकडेच झाली. नऊ वर्षांत लेकीच्या घराचा उंबरा काही त्यांनी पाहिला नव्हता.

हे मासिक बैठकीत निघालं आणि आम्ही ठराव लिहिला. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, कर्जही काढायचं नाही. दर महिन्याला प्रत्येकीनं वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. दहा महिन्यांत एकेकीचे दोनशे झाले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट लागतं, पंचाहत्तरच्या पुढच्या आजीला तर तिकीटच नाही. पैशाची अडचण वाटली तेवढी नव्हतीच. अडचण होती ती घरी काय सांगायचं याची. आम्ही खरं तेच सांगितलं, "गाव पाहायला चाललो."

बुलडाण्याहून खामगावची गाडी बोथ्याच्या घाटानं जाते. हे ज्ञानगंगा अभयारण्य. इथं बिबट आहे, अस्वल आहे. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक तरणा वाघ महिनोन्‌महिने चालत चालत याच जंगलात आला होता. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "वाघ पायी आला, आन् आपल्याले एसटीनं याले जमलं नाही!" सगळी गाडी हसली.

घाट उतरला तशी माती बदलली. आपल्याकडं माळ, मुरूम, उतार. खाली पूर्णेच्या खोऱ्याची काळी, खोल, सपाट जमीन. खामगावात कापसाचा जुना बाजार आणि चांदीचं नाव दूरवर असलेली सराफी पेढी. आम्ही घेतलं काही नाही, पण पायातली जोडवी काढून वजन मात्र करून घेतलं. पुढे शेगाव. महाराजांचं दर्शन घेतलं आणि कचोरी खाल्ली. ही कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं रेल्वे स्टेशनावर विकायला सुरुवात केली. परमुलखातून आलेल्या माणसांच्या हातची चव आज आपल्या जिल्ह्याची ओळख झाली आहे. गावं अशी घडतात, बायांनो.

तिथून पूर्णा ओलांडून संग्रामपूर तालुक्यात, काकूंच्या लेकीच्या गावी. मुक्काम तिथल्या गटाच्या बायांकडे होता. खरं सांगायचं तर आज बोलायला बसलो ते त्या मुक्कामासाठीच.

काकूंची लेक माहेरी आली की जाताना पाण्याची कॅन भरून न्यायची. काकू चिडायच्या, "नखरे आहेत नुसते. तिकडं काय पाणी नाही?" शिवाय लेक म्हणायची, माझी डाळ शिजत नाही. काकू म्हणायच्या, तुला करता येत नाही. त्या दिवशी आम्ही तिच्या दारात पाणी प्यायलो. बोअरचं पाणी. पहिल्या घोटाला जीभ खारट झाली. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि आपला घाटाखालचा भाग, असा पूर्णेच्या काठानं तो पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणीच खारं. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. इथल्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. वान धरणाचं पाणी आता कितीतरी गावांत नळानं येतं. पण लेकीच्या घरी नळ रोज येत नव्हता. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी बोअर.

काकू काही बोलल्या नाहीत. चुलीपुढं बसून लेकीची डाळ त्यांनी स्वतः लावली. दीड तास झाला तरी दाणा बोटात मोडेना. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नऊ वर्सं म्या हिलेच बोलत होते."

मैत्रिणींनो, जिल्हा पाहणं म्हणजे मौजमजा, असं कोणी म्हणालं तर त्यांना ही गोष्ट सांगा. न पाहिलेल्या गावाविषयी आपण फार लवकर मत बनवतो. आपल्या लेकी जिथं नांदतात तिथलं पाणी कसं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

रात्री दोन्ही गटांच्या बाया अंगणात बसल्या. त्यांनी भेंडवळच्या घटमांडणीचं सांगितलं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला शेतात धान्य मांडतात. मधे खड्ड्यात ढेकळांवर पाण्याची घागर, त्यावर पापड, पुरी, कुरडई, सांडोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ज्याचा त्याचा विश्वास. पेरणी मात्र आपण जमिनीची ओल पाहूनच करावी. पण आमच्या एकीनं बरोबर ओळखलं, "घागरीवर तं सगळं बायांच्याच हातचं हाय!"

दुसरी फेरी घाटावरच केली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. मेहकरात कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. आख्यायिका अशी, की कंचनी नावाच्या नर्तकीला आपल्या महालावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहायचा होता, म्हणून ती मजल्यावर मजले चढवत गेली. देवी कोपली आणि तिची शिळा झाली. त्याच दिवशी आम्ही लोणारला गेलो, विवरात उतरलो. उल्केच्या आघातानं झालेलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर. पाण्याकाठी कमळजेचं देऊळ आहे. देवीपुढं हात जोडताना एक जण हळूच म्हणाली, "आई, कंचनीले एक दिवाच तं पायचा होता." त्यावर सगळ्याच गप्प झाल्या. सिंदखेडराजात लखुजीरावांचा वाडा पाहिला. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊ जन्मल्या तो. तिथंही आपण दरवर्षी गर्दीत जातो, पण वाडा असा निवांत आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. सहा महिन्यांतून एक गाव ठरवा. लांबचं नको, एसटीनं जाता येईल असं. पैसे वेगळ्या डब्यात जमवा. शक्य तर तिथल्या गटाला आधी निरोप द्या आणि जेवण त्यांच्यासोबत करा. तीन गोष्टी नक्की विचारा : पाणी कुठून येतं, आठवडी बाजारात काय विकलं जातं, आणि इथल्या बाया एकत्र कशासाठी येतात? घरी आल्यावर इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. आमचं असं लिहिल्यामुळंच आता संग्रामपूरचा गट आणि आमचा गट उन्हाळ्यात एकमेकींच्या कुरडया-पापड आपापल्या बाजारात विकणार आहे.

आणि काकू? संक्रांतीला लेक आली, तेव्हा निघायच्या आधी दारात दोन कॅन भरून ठेवलेल्या होत्या. लेकीनं सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी आम्ही फाट्यावर उभ्या होतो तर तोच दूधवाला भाऊ थांबला. या खेपेला त्यानं विचारलं, "आता कोणतं गाव वं बाई?" तुमच्या फाट्यावरही कोणी असं विचारावं, एवढीच इच्छा.