परदेशी वेतन आणि घरचे विवरणपत्र



डिचोली तालुक्यातील आमचे कारापूर वाळवंटी नदीच्या काठचे. शेजारी साखळीची बाजारपेठ, भोवती खाणींच्या लाल मातीचा मुलूख. या खाणी २०१२ साली थांबल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा दूरच्या वेतनाचे मोल साऱ्या तालुक्याला नव्याने कळले. कोणी आखाती देशांत जातो, कोणी तारवटी होऊन बोटीवर चढतो, तर कोणी गाव न सोडता संगणकावरून परदेशी कंपनीचे काम करतो. तिघांच्याही घरी बहुधा एकच समजूत आढळते : धनी परदेशी, तेव्हा आपल्या सरकारशी या पगाराचा संबंध नाही.

ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे. प्राप्तिकराचा कायदा धनी कोठला हे आधी विचारीत नाही; तो विचारतो, वर्षभरात आपण राहिलात कोठे आणि काम केलेत कोठे? हे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस वा अधिक काळ भारतात असला, तर तो निवासी ठरतो. निवासी माणसाला साऱ्या जगातील उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते. अनिवासी माणसाने परदेशात काम करून तेथेच मिळविलेले वेतन येथील करातून सुटते.

येथे तारवट्याची गफलत कशी होते ते पाहा. समजा, तो ३१ ऑक्टोबरला निघाला आणि नऊ महिने बोटीवर राहून १ ऑगस्टला परतला. पहिल्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर हे २१४ दिवस तो घरी होता. परतल्यावर मार्चअखेरपर्यंत गावीच राहिला, तर दुसऱ्या वर्षाचे घरचे दिवस २४३ भरतात. नऊ महिने सलग समुद्रावर काढूनही तो दोन्ही वर्षी निवासी! म्हणून कराराचे महिने मोजून भागत नाही. ३१ मार्चची रेघ मध्ये ओढून दिवस मोजावे लागतात. पारपत्रावरील शिक्के आणि ‘सीडीसी’ पुस्तिकेतील नोंदी हाच त्याचा पुरावा. ती पाने जपून ठेवावीत.

पुष्कळ वर्षे परदेशी राहून कायमचा परतणारा माणूस काही काळ ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या मधल्या वर्गात बसू शकतो, आणि त्याला सवलत असते. परतीच्या वर्षाचे गणित निराळे असल्याने ते जाणकाराकडून तपासून घेणे बरे.

पगार भारतातील बँकेत आला, की त्यावर कर लागतो काय, अशीही शंका असते. अनिवासी तारवट्याने परदेशगामी बोटीवर मिळविलेले वेतन केवळ येथील एनआरई खात्यात जमा झाले म्हणून करपात्र ठरत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्याची गोष्ट मात्र उलट आहे. तो राहतो येथे आणि राबतोही येथेच. त्याचे सारे वेतन विवरणपत्रात यायलाच हवे. परदेशी धनी बहुधा येथला कर कापून घेत नाही. तेव्हा देय कर १०,००० रुपये वा अधिक होत असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत अग्रिम कराचे हप्ते त्याने स्वतः भरावयाचे असतात. चुकल्यास व्याज चढते.

आपल्या गोव्याची एक खास बाब गृहिणींनी ध्यानी ठेवावी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने येथे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. विवाहापूर्वी निराळा करार झाला नसेल, तर घरभाडे, ठेवींवरील व्याज असे उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते. वेतन मात्र ज्याने कमावले त्याचेच. पतीच्या पगारातून साठलेल्या ठेवीचे करपात्र व्याज सारे त्याच्याच नावे दाखविणे म्हणूनच बरोबर नव्हे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदललेले नाही.

दुबई वा अन्यत्र उघडलेले खातेही विसरू नये. सामान्यतः निवासी असलेल्याने ते दाखविलेच पाहिजे, मग उत्पन्न करपात्र असो वा नसो. घराजमिनीखेरीजची अशी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांवर असून दडविली, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. प्रामाणिकपणे मिळविलेली पुंजी केवळ न सांगितल्यामुळे दंडाच्या धाकाखाली यावी, यासारखे दुर्दैव नाही.

तात्पर्य, उत्पन्न दाखविणे आणि कर भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाखविलेल्या प्रत्येक रुपयावर कर बसतोच असे नाही; परदेशात त्याच वेतनावर कर भरला असेल, तर करारानुसार त्याची वजावटही मिळते. तेव्हा बोटीवरचा वा आखातातला आपला माणूस घरी येईल तेव्हा त्याच्या जाण्यायेण्याच्या तारखा एका वहीत टिपून ठेवा. हे काम घरच्या शाळकरी मुलालाही जमेल, आणि ३१ मार्चला त्या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होणार नाही.