अकरावीचा उन्हाळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की हा युनियनचा माणूस पगारवाढीवर, बोनसवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेल. आम्ही विषय कळवला तो 'अकरावीचा उन्हाळा'. तेव्हा एका चालकांनी नम्रपणे विचारले, की हा विषय एखाद्या प्राचार्यांच्या तोंडी अधिक शोभणार नाही काय? शोभेल, यात शंका नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीत थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात झाले. परंतु गेली तीस वर्षे सातपूर-अंबडच्या कामगारांत आमचा वावर आहे, आणि एप्रिल-मे महिना आला की युनियनच्या कचेरीत येणारी निम्मी माणसे स्वतःच्या पगाराबद्दल बोलतच नाहीत. ती बोलतात मुलाच्या बारावीबद्दल. कोणाला पतपेढीचे कर्ज हवे असते, कोणाला प्रॉव्हिडंट फंडातून उचल, कोणाला मुलाला क्लासला पोचवता यावे म्हणून पाळी बदलून हवी असते. तेव्हा हा विषय आमच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आलेला आहे.

अकरावीचाच उन्हाळा का, असे आपण विचाराल. आपल्यांतील वयोवृद्ध मंडळींना आठवत असेल, की एके काळी अकरावी म्हणजे शेवट होता. मॅट्रिक अकरावीला होत असे. ती झाली की मुलगा नोकरीला लागे, नाही तर कॉलेजात जाई. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा विचार केला, दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, आणि आपल्या राज्यात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तेव्हापासून अकरावी मध्येच लोंबकळते आहे. मागे दहावीचे बोर्ड, पुढे बारावीचे बोर्ड, आणि हिची परीक्षा मात्र कॉलेजच्या घरची. साहजिकच दहावीत दमलेल्या मुलांनी आणि त्यांच्याहून अधिक दमलेल्या आईबापांनी तिला विश्रांतीचे वर्ष मानले.

पण प्रवेशपरीक्षांनी हा हिशेब उलटा केला. वैद्यकीय शिक्षणासाठीची नीट घ्या, अभियांत्रिकीसाठीची जेईई घ्या. अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यास त्यांत येतो. आपल्या राज्याच्या सीईटीतही अकरावीच्या अभ्यासाला वीस टक्के भार ठेवलेला आहे. म्हणजे जे वर्ष आपण विश्रांतीचे मानले, त्याचे बिल मे महिन्यात एकदम हातात पडते. अकरावीचा निकाल लागतो, क्लासच्या चाचणीचे गुण मोबाइलवर येतात, शेजारच्या मुलाचे गुण न विचारता कळतात, आणि घरात धांदल उडते. घाबरलेला माणूस जे करतो तेच मग आईबाप करतात. ते घाईने निर्णय घेतात.

अशाच एका मे महिन्यात आमचे एक सभासद पतपेढीच्या कर्जाचा अर्ज घेऊन आले. लेथवर काम करणारा माणूस. हात इतका सुबक की सुताएवढी चूक व्हायची नाही.

"भाऊ, तेवढी शिफारस द्या. पोराचा क्लास बदलायचाय."

आम्ही विचारले, "पोरगा काय म्हणतो?"

"त्याला काय विचारायचं, भाऊ? त्याच्यासाठीच तर करतोय सगळं."

श्रोतेहो, हे वाक्य आमच्या फार ओळखीचे आहे. वाटाघाटीच्या टेबलापलीकडून आम्ही ते उभा जन्म ऐकत आलो. कामगारांना काय विचारायचे, हे सारे त्यांच्या भल्यासाठीच तर करतो आहोत! कारखान्यात हे वाक्य ऐकले की ज्या माणसाचे पित्त खवळते, तोच माणूस घरी जाऊन तेच वाक्य उच्चारतो, आणि आपण आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्याच्या प्रेमाबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याच्या अंगावर काम पडणार त्याला न विचारता केलेला करार टिकत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. येत्या वर्षी पहाटे उठणार तो मुलगा, आकडेमोड करणार तो मुलगा, आणि मागणीपत्रावर सही मात्र एकट्या बापाची! अशा कराराला आम्ही युनियनच्या सभेत मंजुरी देत नाही. मग घरात का द्यावी?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे, की अकरावी संपली की आईबाप आणि मूल यांनी समोरासमोर बसून येत्या वर्षाचा करार करावा. त्यात कलमे चारच असावीत: तास, सुट्टी, पैसा आणि दुसरी वाट.

प्रथम तास. कॉलेज, क्लास, क्लासची चाचणी, घरचा अभ्यास आणि यांच्यामधला प्रवास यांची बेरीज आपण कागदावर एकदा करून पाहावी. अनेक घरांत ती बारा-चौदा तासांवर जाते. १९४८ चा कारखाना कायदा २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे चालला. त्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. त्या जुन्या कायद्यात सतरा वर्षांखालील मुलाला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई होती. त्याच वयाचे आपले मूल रात्री साडेनऊला क्लासमधून बाहेर पडते आणि जेवून पुन्हा पुस्तक उघडते. अभ्यास म्हणजे मजुरी नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. एक वर्ष नेटाने मेहनत करावी, हेही मान्य आहे. पण दमलेल्या हाताने यंत्रावर अपघात होतात, आणि दमलेल्या डोक्याने सोपे गणित चुकते. ओव्हरटाइमसुद्धा मोजून करतात. झोपेचे तास या करारात आधी लिहावेत, आणि उरलेल्यांत अभ्यास बसवावा.

दुसरे कलम सुट्टीचे, आणि येथे आम्हांला थोडे इतिहासात जाऊ द्या. या देशातल्या गिरणी कामगाराला रविवार आयता मिळालेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले, आणि त्यात मागितले काय, तर आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा. त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीत लोखंड्यांना केवळ झोप अभिप्रेत नव्हती. माणसाने त्या दिवशी वाचावे, घरच्यांशी बोलावे, समाजाचे काही काम करावे, असाही हेतू तीत होता. आज बारावीच्या मुलाच्या रविवारी सकाळी चाचणी असते, दुपारी चाचणीची उत्तरे असतात, आणि संध्याकाळी त्या गुणांवरून बोलणी असतात. मालकांकडून मिळवलेला रविवार आपण आपल्या हाताने आपल्याच मुलांकडून काढून घेतला! सबंध रविवार जमत नसेल तर अर्धा द्या. पण जो द्याल तो मुलाच्या मालकीचा असू द्या. त्या वेळेत तो क्रिकेट खेळला किंवा नुसता पडून राहिला तरी त्याचा जाब विचारू नका.

तिसरे कलम पैशाचे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासांविषयी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांकडे पाठवली. त्यांत म्हटले आहे, की क्लासने गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, फीची पावती द्यावी, आणि पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे दहा दिवसांत परत करावेत. या तत्त्वांमागे कायद्याचा दंडुका सर्वत्र उभा आहे असे नाही. पण विचारायला आपल्याला कोणी बंदी केलेली नाही. पैसे परत करण्याची अट लेखी मागावी, आणि शक्य तेथे हप्त्यांनी भरावे. जो कामगार वेतनकराराचे प्रत्येक कलम तीन तीन वेळा वाचून घेतो, तो क्लासच्या छापील अर्जावर न वाचता सही करतो, याचे आम्हांला नवल वाटते.

याच कलमात आणखी एक गोष्ट येते. काही ठिकाणी मुलाचे नाव एका कॉलेजच्या पटावर असते आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये असतो. हा प्रकार थांबावा म्हणून २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटांच्या ठशांनी हजेरी घेण्याचा आदेश काढला होता. हजेरी कशीही लागो, आमचा प्रश्न निराळा आहे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्या मुलाने ब्युरेट हातात धरली नाही, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, त्याला विज्ञान आले असे म्हणायचे कसे? हाताला न कळलेली विद्या डोक्यात फार दिवस टिकत नाही, हे लेथवरचा माणूस प्राचार्यांना सांगू शकेल.

चौथे कलम दुसऱ्या वाटेचे. येथे आकड्यांना सामोरे जावे लागते. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. म्हणजे साधारण वीसांत एकाला जागा. त्या जागांतही सरकारी फीच्या जागा निम्म्याच्या आसपास. वीस माणसे अर्ज करतात आणि एकालाच घेतात, तेव्हा उरलेल्या एकोणिसांना नालायक म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे. मुलाने नीट द्यावी, जिद्दीने द्यावी. पण परीक्षेच्या आधीच दुसरी वाट ठरलेली असावी, आणि तिचा उल्लेख घरात मानाने व्हावा. राज्याची सीईटी अभियांत्रिकीला, औषधनिर्माणशास्त्राला आणि कृषीला नेते. बारावी विज्ञान झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेवरून पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर खुला आहे. ही माहिती निकालानंतर रडत्या डोळ्यांनी शोधण्याऐवजी याच उन्हाळ्यात शांतपणे गोळा करावी. परतीची वाट माहीत असलेला माणूसच पुढे निर्धास्त चालतो.

मुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. अनेक घरांत मुलाच्या अकरावीनंतर क्लासची चर्चा होते आणि मुलीच्या अकरावीनंतर स्थळाची. एखादे 'चांगले स्थळ' नेमके याच उन्हाळ्यात येते. पाहून तर घेऊ, एवढेच म्हणून सुरुवात होते, आणि बारावीचे फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा बस्त्याची तयारी चाललेली असते. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आम्ही केवळ कायद्याचे भय घालत नाही. जी मुलगी सकाळी आईबरोबर पोळ्या लाटून कॉलेजला जाते आणि तरी भावाइतके गुण मिळवते, तिचे तास मोजा. तिच्याशीही हाच करार करा, आणि पहिल्या कलमात घरकामाची निम्मी वाटणी भावाच्या नावे लिहा.

आता एक जड गोष्ट सांगावयाची आहे. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने जीवन संपवले, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. कारणे अनेक असतात; प्रत्येक वेळी परीक्षाच असते असे नाही. परंतु मूल जेवेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, 'माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले' असे बोलू लागले, तर ती नाटके समजू नयेत. त्या वेळी पुस्तक मिटावे आणि त्याच्याजवळ बसावे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे; तेथे फुकट आणि आपल्या भाषेत बोलता येते. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. मुलाला कर्जाचा आकडा अवश्य कळू द्यावा, घरची परिस्थिती लपवू नये. पण ते कर्ज त्याच्या डोक्यावर आहे असे त्याला कधीही वाटू देऊ नये. कर्ज काढण्याचा निर्णय मोठ्यांचा, तेव्हा फेडीची जबाबदारीही मोठ्यांची.

हा करार करायचा कसा? अकरावीचा निकाल लागल्यावर दोन दिवस जाऊ द्यावेत. मग आईबापांनी दोघांनीही बसावे, कारण घरचा हिशेब आईला अधिक ठाऊक असतो. पहिल्याने मुलाला बोलू द्यावे, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नये. हे फार कठीण आहे. वाटाघाटींत मुरलेल्यांनाही ते जमत नाही. मूल कदाचित म्हणेल, की मला डॉक्टर व्हायचेच नाही. कदाचित म्हणेल, की व्हायचे आहे, पण हा क्लास नको. कदाचित नुसते गप्प बसेल. मग आठ दिवसांनी पुन्हा बसावे. ठरेल ते वहीच्या एका पानावर लिहावे. दिवाळीत पहिल्या सत्राचे गुण आल्यावर त्याचा फेरविचार होईल, असे कलम शेवटी घालावे, कारण ज्या करारात फेरविचाराला जागा नाही तो पहिल्याच संकटात मोडतो.

लेथवरच्या त्या सभासदांच्या अर्जावर आम्ही सही करण्यास नकार दिला नाही. फक्त म्हणालो, मुलाला घेऊन या. चार दिवसांनी बापलेक आले. मुलाने सांगितले, "काका, क्लास तोच बरा आहे. मला फक्त रात्रीची बॅच नको." कर्जाचा अर्ज त्यांनी तेथेच फाडला. त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो यंदा बारावीला आहे, आणि त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. तो पहिला आला असे सांगून टाळ्या घेण्याची आमची इच्छा नाही. घरातली माणसे एकमेकांशी बोलू लागली, हे यश त्याच्या निकालावर अवलंबून नाही.